साडेसातचा तास : मुलुंडमधलं एक नेट न्यूट्रॅलिटीचं प्रकरण

सात वाजता तास सुरू व्हायचा आणि साडेसातला पडद्यावरची मुलं गोठायची. एकाचं तोंड अर्धवट उघडं, एका मुलीचा हात वर, आणि आवाज इतका तुटक की शंका विचारतेय की निरोप घेतेय ते कळू नये. बाई चष्मा काढून पुसायच्या आणि पुन्हा लावून बघायच्या.

२०२१ चा सप्टेंबर महिना. मुलुंड पूर्वेतली आमची सोसायटी : तीन विंग, सात मजले, ८४ घरं. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते. दहावीचं गणित शिकवतात. लॉकडाउनमध्ये शिकवणी ऑनलाइन गेली. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी वर्ग आपोआप बंद पडायचा, म्हणून पुण्याच्या भाच्याने त्यांना जित्सी हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून स्वतंत्र वर्ग उभारून दिला. त्यासाठी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. दीड वर्ष सगळं झकास चाललं.

मग १९ सप्टेंबर आला. अनंत चतुर्दशीचा दिवस. मे महिन्यात कोविडमुळे थांबलेली आयपीएल त्याच संध्याकाळी दुबईत पुन्हा सुरू झाली, पहिलाच सामना मुंबई विरुद्ध चेन्नई. त्या दिवशी विसर्जनामुळे तास नव्हता. सोमवारपासून मात्र रोज साडेसातला, म्हणजे सामन्याचा पहिला चेंडू पडायच्या वेळी, बाईंचा वर्ग कोसळायला लागला. शेजारच्या खोलीत नातू त्याच वायफायवर यूट्यूब बघत असायचा, तिथे काही अडत नव्हतं. समोरच्या घरातून सामन्याचा आरडाओरडाही व्यवस्थित ऐकू यायचा.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निदान दोन दिवसांत झालं. सी विंगमध्ये लॉ करणारी एक मुलगी आहे, तिने लिहिलं : इंटरनेट कंपनी मोठ्यांना वाट देते आणि छोट्यांचा गळा आवळते, हा सरळसरळ नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखं वागवायच्या तत्त्वाचा, भंग आहे, ट्राय ह्या टेलिकॉम नियामकाकडे तक्रार करू या. ३० अंगठे आले. माझा धंदा नेटवर्किंगचा, शिवाय मी कमिटीवर, त्यामुळे तपासाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माझा कल आधीच कळवतो. मला हा भंगच असावा असं वाटत होतं, किंबहुना तो असावा अशी इच्छा होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायला गेलेल्या १० लाखांहून जास्त ई-मेलांपैकी एक माझा होता. त्या वर्षी २७ मार्चला ट्रायने एक सल्लापत्र काढलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप-स्काइपसारख्या सेवांवर वेगळं नियंत्रण आणावं का, टेलिकॉम कंपन्यांना त्यांच्याकडून पैसे घेऊ द्यावेत का, असा त्याचा सूर. त्याच्या तीन महिने आधी एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी जादा दर लावायची घोषणा केली होती आणि ओरड झाल्यावर मागे घेतली होती. मग एप्रिलमध्ये एअरटेल झीरो आलं : अ‍ॅपवाल्याने पैसे भरायचे, ग्राहकाला डेटा फुकट. फ्लिपकार्ट त्यातून आठवड्याभरात बाहेर पडलं. फेसबुकची इंटरनेट डॉट ऑर्ग ही निवडक साइट फुकट दाखवणारी योजना त्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत सुरू झाली होती. महाराष्ट्र त्यांत होता. पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स झालं.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने निकाल लावला. मजकूर पाहून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. तीन दिवसांत फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स गुंडाळलं. 'गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी फुकट मिळू दे' हा युक्तिवाद तेव्हा बराच झाला, आणि तो टाकाऊ नव्हता. पण ते 'थोडं' म्हणजे काय हे एका कंपनीने ठरवायचं, ही गोष्ट मला आजही पटत नाही. असो. सांगायचं एवढंच की त्या विजयाची धुंदी माझ्या डोक्यात सहा वर्षांनीही होती, आणि तपासाला मी आरोपी ठरवूनच बसलो.

पहिला पुरावा मला हवा तसाच मिळाला. बाईंच्या लॅपटॉपवर साडेसातला स्पीड टेस्ट केली : ५० एमबीपीएसचा प्लॅन, ५० भरले. मग माझ्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा कुलूपबंद करून ऑफिसमार्गे नेणारा बोगदा, लावलं आणि तोच वर्ग त्यातून उघडला. मुलं हलायला-बोलायला लागली. व्हीपीएन काढलं, गोठली. लावलं, हलली. आणखी काय हवं? कंपनीला आत काय चाललंय ते दिसेनासं झालं की वेग येतो, म्हणजे दिसतं तेव्हा ती दाबते. मी ग्रुपवर टाकून मोकळा झालो. लॉवाल्या मुलीने त्याच रात्री कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी एका साध्या गोष्टीने माझी झोप उडवली. भांडुपचा एक विद्यार्थी दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट वापरतो. त्याला बाई अगदी स्वच्छ दिसत होत्या, स्वच्छ ऐकू येत होत्या. तुटत होता तो बाईंना ऐकू येणारा त्याचा आवाज. उलट आमच्याच इमारतीतल्या दोन मुलींना बाईही तुटक दिसायच्या. म्हणजे इमारतीतून बाहेर जाणारं सगळं नीट जात होतं, बाहेरून आत येणारंच अडत होतं. एखादा वर्ग ओळखून दाबायचा तर कोणी एकाच दिशेने कशाला दाबेल?

मग ट्रेसराउट काढला. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, कुठून कुठून जातं त्याची ती यादी. मुलुंडहून ऐरोलीला जायला खाडीवरचा पूल आहे, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचं काम. बाईंचं पॅकेट मात्र मुलुंडहून कंपनीच्या मुख्य केंद्रात, तिथून वरच्या पुरवठादाराकडे, तिथून सिंगापूरला, आणि सिंगापूरहून परत ऐरोलीला येत होतं. कारण आमच्या कंपनीचा वरचा पुरवठादार आणि ऐरोलीच्या डेटा सेंटरचा पुरवठादार हे दोघं मुंबईत एकमेकांना भेटतच नव्हते. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण इंटरनेटचा रस्ता अंतरावर ठरत नाही, कोणाचा कोणाशी करार आहे त्यावर ठरतो. दुपारी ही फेरी साधारण ७० मिलीसेकंदांत पुरी व्हायची. संध्याकाळी साडेसातनंतर २०० च्या पुढे जायची आणि वाटेत पॅकेटं गळायची.

माझ्या ऑफिसचं व्हीपीएन का चाललं, तेही कळलं. ऑफिसचा पुरवठादार मुंबईतल्या एका इंटरनेट एक्सचेंजवर, म्हणजे कंपन्या आपापली जाळी थेट जोडतात अशा जागी, आहे आणि इमारतीची इंटरनेट कंपनीही तिथे आहे. व्हीपीएन लावल्यावर वर्ग त्या दुसऱ्या दाराने येत होता आणि ते दार मोकळं होतं. व्हीपीएनने मजकूर लपवला म्हणून वेग आला नव्हता. रस्ता बदलला म्हणून आला होता. 'व्हीपीएनवर चालतं म्हणजे कंपनी दाबते' हे वाक्य मी स्वतः लोकांना कित्येकदा ऐकवलं आहे.

शेवटची खात्री म्हणून साडेआठ वाजता त्याच सिंगापूरच्या वाटेने एक निव्वळ सॉफ्टवेअरची मोठी फाइल उतरवायला लावली. तीही तितकीच रखडली. तिच्याशी कोणाचं काय वैर असणार? त्या दारातून येणारं सगळंच सारखं अडकत होतं.

शनिवारी सकाळी इमारतीला इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याला गाठलं. हा माणूस १९९० च्या दशकात गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या वायरी ओढत मोठा झाला. आता एका ब वर्गाच्या परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी चालवतो. ब वर्ग म्हणजे एका टेलिकॉम सर्कलपुरता परवाना, आणि मुंबई हे स्वतंत्र सर्कल. त्याच्या ऑफिसात एका भिंतीवर देव, दुसऱ्या भिंतीवर ओएलटीचे, म्हणजे घरोघरच्या फायबर जिथे येऊन मिळतात त्या यंत्राचे, लुकलुकणारे दिवे.

"साहेब, मला काय कळतंय बाई काय शिकवतात आणि पोरं काय बघतात," तो म्हणाला. "पाइप भरला की भरला."

मग त्याने जे सांगितलं ते कुठल्याही सल्लापत्रापेक्षा स्पष्ट होतं. कंपनीकडे माल दोन वाटांनी येतो. गूगलने आपले सर्व्हर कंपनीच्या केंद्रातच बसवून दिलेत, फुकट. यूट्यूबचे लोकप्रिय व्हिडिओ तिथूनच निघतात, त्यांना बाहेर जावंच लागत नाही. एक्सचेंजवरून येणाऱ्या मालालाही फारसा खर्च नाही. ह्याला ही मंडळी सरसकट 'पिअरिंग' म्हणतात. उरलेलं सगळं जग वरच्या पुरवठादाराकडून विकत घ्यावं लागतं, दर एमबीपीएसला दरमहा पैसे मोजून. ह्या धंद्यात नफा राहतो तो ही दुसरी वाट जितकी अरुंद ठेवता येईल तितका. आमच्या कंपनीकडे यूट्यूबचा डबा, म्हणजे गूगलचा तो सर्व्हर, होता, पण सामना जिथून येत होता त्या वितरण जाळ्याचा डबा नव्हता. त्यामुळे सगळ्या मुलुंड-भांडुपची आयपीएल त्या विकतच्या अरुंद वाटेने यायला लागली.

पण मग सामना कसा अडत नव्हता? इथे मला स्वतःलाच दोन मिनिटं थांबावं लागलं. तोही अडत होताच. फक्त दिसत नव्हतं. सामन्याचं प्रक्षेपण काही सेकंद मागून चालतं, तेवढा साठा आधीच हातात असतो, आणि वाट अरुंद झाली की चित्र गुपचूप जरा धूसर होऊन जातं. बॉल बघणाऱ्याला कळतही नाही. दोन्ही बाजूंनी बोलायच्या वर्गात असा साठा करता येत नाही. पॅकेट वेळेत आलं नाही तर ते गेलंच. त्याच गर्दीत एकाला नुसता धक्का लागला, दुसरा चेंगरला.

आता कायदा. २०१६ चा नियम दरांपुरता आहे, तो इथे लागूच होत नाही. वेगाबद्दलची तरतूद नंतर आली. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ ला शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये त्या परवान्याच्या अटींत घातल्या. मजकूर अडवणं, मंदावणं, खालावणं किंवा एखाद्याला जादा वेग देणं, ह्या सगळ्याला मनाई. अमेरिकेत हेच भांडण 'ही सेवा टेलिकॉम की माहितीसेवा' ह्या शब्दावर १५-२० वर्षं फिरतंय. २०१५ मध्ये नियम आला, २०१७ मध्ये रद्द करायचा निर्णय झाला, २०२४ मध्ये परत आला, २ जानेवारी २०२५ ला तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा उडवला. आपल्याकडे कंपनी परवान्यावरच चालते, अट परवान्यात लिहिली की झालं. ह्या बाबतीत आपण शहाणपणा केला, हे मान्य करायलाच हवं.

पण त्याच शिफारशींमध्ये मजकूर-वितरणाच्या जाळ्यांना, म्हणजे केंद्रात बसवलेल्या त्या फुकट डब्यांना, मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. ते चूक आहे असंही म्हणवत नाही. डबा असल्याने सगळ्यांची गर्दी कमी होते, तो काढला तर बाईंचा वर्ग साडेसातची वाट न बघता दुपारीच कोसळेल. मात्र डबा मिळतो तो गूगलला परवडतो म्हणून. भाच्याच्या भाड्याच्या सर्व्हरसाठी कोण डबा ठेवणार? कोणी कोणाला दाबलेलं नाही, नियम शब्दशः पाळलेला आहे, आणि तरी मोठ्याचं चालतंय आणि छोट्याचं बंद पडतंय.

ग्रुपवर मी जाहीर माघार घेतली. ती फार लोकांना आवडली नाही. आरोपी नसलेलं प्रकरण कोणाला हवं असतं?

लॉवाली मुलगी मात्र चिवट निघाली. तिच्या पहिल्या तक्रारीला कंपनीचं अपेक्षित उत्तर आलं : आपल्या प्लॅननुसार वेग मिळत आहे, सोबत स्पीड टेस्ट. ही चाचणी बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या किंवा अगदी शेजारच्या सर्व्हरपर्यंतच जाते. सोसायटीच्या आवारात गाडी फिरवून हायवे मोकळा असल्याचा दाखला द्यावा, तसं ते. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात की नाही ह्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने मिटवला, पण ती पुढची गोष्ट.

तिने अपील केलं ते वेगळ्याच पायावर. नेट न्यूट्रॅलिटीचा शब्दही त्यात नव्हता. तिने ट्रायचे २००६ चे ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम शोधून काढले. त्यांत तेव्हा लिहिलं होतं की गर्दीच्या तासातही कंपनीच्या वरच्या जोडण्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नयेत, आणि एखादी ९० च्या पुढे गेली तर ती कोंडलेली धरून महिन्याभरात वाढवायला हवी. मी वीस वर्षं ह्या धंद्यात आहे आणि हा आकडा मला एका विद्यार्थिनीकडून कळला. तिने एकच प्रश्न विचारला : २० सप्टेंबरपासून रात्री साडेसात ते साडेअकरा तुमची जोडणी किती टक्के भरली होती?

आकडा आला नाही. तिच्या वडिलांना फोन आला, "ताईंना सांगा, प्लॅन १०० चा करून देतो, त्याच पैशात." १०० चा प्लॅन म्हणजे त्याच अरुंद वाटेकडे जाणारी रुंद गल्ली. दिवाळीच्या आसपास कंपनीने वरची जोडणी खरंच वाढवली. ती अपिलामुळे की दिवाळीच्या ऑफरमध्ये जोडलेल्या नव्या घरांमुळे, हे सांगता येत नाही. १५ ऑक्टोबरला आयपीएल संपल्याने तोवर गर्दी तशीही ओसरली होती.

त्या ८० टक्क्यांसाठी कोणी १० लाख ई-मेल पाठवणार नाही, त्याचा व्हिडिओही कोणी काढणार नाही. पण संध्याकाळी घरातलं इंटरनेट कसं चालेल हे जास्त करून तिथेच ठरतं, आणि तो आकडा कंपनीच मोजते.

आता माझा भाग. तो लिहायचा नव्हता, पण त्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

सगळं उघड झाल्यावर ग्रुपवर कोणीतरी साधा प्रश्न विचारला : मग बाई दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन का घेत नाहीत? घेऊ शकत नव्हत्या. २०१८ मध्ये कमिटीने ठराव केला होता. केबलवाला सोसायटीच्या ऑफिसला आणि सीसीटीव्हीला इंटरनेट फुकट देईल, गणपतीला ठरावीक वर्गणी देईल, आणि सोसायटी दुसऱ्या कोणाची वायर डक्टमधून वर चढू देणार नाही. कागदावर अर्थातच 'सौंदर्य व सुरक्षिततेच्या दृष्टीने' असं लिहिलंय. ठरावाखाली खजिनदार म्हणून माझी सही आहे. २०१५ मध्ये खुल्या इंटरनेटसाठी मेल पाठवणारा मीच, आणि तीन वर्षांनी ८४ घरांचं दार एकाच माणसाला लिहून देणाराही मीच. नेट न्यूट्रॅलिटीची अट परवानाधारकावर आहे. सोसायटीच्या कमिटीकडे परवाना नसतो.

अशी बंद डक्टची इमारत मुंबईत शोधायला लांब जावं लागत नाही. नव्या टॉवरमध्ये हेच काम बिल्डर करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन द्यायचे नियम काढले, ते ह्याच दुखण्याभोवती फिरतात. पण मानांकनाने जुन्या इमारतीतला ठराव रद्द होत नाही. त्याला सर्वसाधारण सभाच लागते, सहकार कायद्याच्या ७२ व्या कलमानुसार शेवटचा शब्द तिचा.

सभा फेब्रुवारी २०२२ मध्ये पार्किंगमध्ये झाली. मी ठराव मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. पहिला प्रश्न आला, "मग गणपतीच्या वर्गणीचं काय?" चर्चेचा बराचसा वेळ त्यातच गेला. ठराव रद्द झाला, वर्गणी माणशी दोनशेने वाढली, केबलवाला महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग स्वतःच चहाला आला. २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने मागणी केली की जास्त डेटा ओढणाऱ्या मोठ्या मजकूर कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हे त्यांना पैसे मागणार आणि ते माझा डबा काढून नेणार." दक्षिण कोरियात असं शुल्क आहे, आणि ते परवडत नाही म्हणून २०२४ मध्ये ट्विच ही कंपनी तिथून निघून गेली. मोठ्या आणि छोट्या पुरवठादारांचं हित एक नसतं, हे एवढं सोपं करून मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मे २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीची वायर वर आली. मी तिच्यावरून ऐरोलीचा ट्रेसराउट काढला : ३ मिलीसेकंद, थेट पुलावरून. आनंदाने बाईंकडे गेलो.

त्यांनी तो सर्व्हर जानेवारीतच बंद केला होता. ऑक्टोबरच्या मध्यातच, माझं संशोधन चालू असताना, भाच्याने वैतागून वर्ग यूट्यूबवर हलवला होता. तिथे काही अडत नव्हतं, चित्र सुरेख होतं, आणि फुकट होतं. फक्त मुलांचा आवाज येत नव्हता. बाई बोलायच्या, मुलं खाली टाइप करायची, तेही काही सेकंद उशिरा. पुढे मुलं पुन्हा घरी यायला लागली आणि ऑनलाइनचा विषयच संपला.

तेव्हाचे तास अजून यूट्यूबवर आहेत, लिंक माझ्याकडे आहे. वर्गसमीकरणाच्या तासाला बाई फळ्यावर दोन मुळं काढतात, वळतात, "ऋण उत्तर का सोडलं, कोण सांगेल?" असं विचारतात, आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत नुसत्या उभ्या राहतात.